एक्स्ट्राचं बिल: घर बांधताना केलेल्या बदलांची खरी किंमत

स्लॅब पडला, गिलावा झाला, फरशी बसली, रंगाचा शेवटचा हात तेवढा राहिला. अशा वेळी कॉन्ट्रॅक्टर वहीचं एक पान पुढे करतो. किचनची खिडकी मोठी केली, 55,000. माळा वाढवला, 14,000. पायाची जादा खोदाई, 40,000. जिन्याखाली संडास, गच्चीवर दोन नळ, पार्किंगला वेगळी फरशी. खाली बेरीज, साडेतीन लाख. मालक म्हणतो, एवढं ठरलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, काम तर तुम्हीच सांगितलं. दोघंही खरंच बोलत असतात. काम सांगितलेलं असतं, किंमत मात्र ठरलेली नसते.

स्वतःच्या प्लॉटवर बंगला, रो-हाउस किंवा गावाकडचं घर बांधणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. बदल करूच नका असं सांगण्यात अर्थ नाही. नकाशावर 10 बाय 12 चं किचन दिसतं तेव्हा फ्रिजचं दार कुणीकडे उघडणार हे कुणाच्या लक्षात येत नाही. भिंती उभ्या राहतात, घरातली माणसं आत जाऊन उभी राहतात आणि मग सुचतं. सुचायलाच हवं, घर तुमचं आहे. पण सुचलेल्या गोष्टीची किंमत आणि तिला लागणारे दिवस हातोडा पडायच्या आधी कागदावर आले पाहिजेत. बदल जितका लवकर ठरेल तितका तो स्वस्त पडतो, हेही तितकंच महत्त्वाचं.

पैसे कोणी द्यायचे?

वहीतल्या पानावरचं सगळंच मालकाच्या माथी येत नाही. प्रत्येक ओळीपुढे आधी एक प्रश्न लिहा: हे काम कुणामुळे वाढलं?

तुम्ही मागितलं म्हणून वाढलं असेल तर पैसे तुमचे, यात वाद नाही. जमिनीमुळे वाढलं असेल तर करार बघावा लागतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. ड्रॉइंगमध्ये राहून गेलं म्हणून वाढलं असेल, तर फोड करा. समजा, आर्किटेक्टच्या नकाशात बाथरूमची झडपाची खिडकी दाखवायची राहिली. ती खिडकी तुम्हाला नाही तरी लागणारच होती, तिचे पैसे तुम्ही द्यायचे. पण बांधलेली भिंत फोडायची मजुरी तुमची नाही. ती आर्किटेक्टशी बोलून मिटवा.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त खपून जातो. कॉन्ट्रॅक्टरची स्वतःची चूक एक्स्ट्रा म्हणून बिलात येते. भिंत ओळंब्यात नसते, ती सरळ दिसावी म्हणून एका कोपऱ्यात प्लास्टर दोन इंच जाड करावं लागतं, आणि बिलात ‘जाड प्लास्टर’ अशी ओळ येते. सेंटरिंग फुगलं म्हणून बीमचं पोट बाहेर आलं, ते छिनून काढलं, त्याची मजुरी लागते. फरशीची लेव्हल चुकली म्हणून खाली जादा वाळू-सिमेंट गेलं, त्याचंही बिल येतं. यातला एकही रुपया तुमचा नाही. बिल आलं की ते कोणत्या भिंतीचं, किती जाडीचं, जाडी का वाढली, एवढं विचारा.

करारातच निम्मं काम

आपल्याकडे घराचे करार साधारण तीन तऱ्हांचे होतात. माल मालकाचा आणि मजुरी कॉन्ट्रॅक्टरची, म्हणजे लेबर रेट. मालासकट स्क्वेअर फुटाच्या दराने. आणि प्रत्येक कामाचा वेगळा दर लावून मोजमापावर, म्हणजे आयटम रेट. बदलांचा हिशेब आयटम रेटमध्ये सगळ्यात सरळ होतो, कारण दर आधीच लिहिलेले असतात. स्क्वेअर फुटाचा दर ऐकायला सोपा असतो, पण एक्स्ट्राची भांडणं सगळ्यात जास्त तिथेच होतात. स्क्वेअर फुटात काय धरलं आणि काय नाही, हे बहुतेक करारांत लिहिलेलंच नसतं. जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, गेट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, छज्जे, बाल्कनी, जोत्यातली मुरमाची भर, यातली कोणती कामं दरात आहेत आणि कोणती नाहीत, याची यादी करारालाच जोडा. नाहीतर ही कामं नंतर येतात, आणि तेव्हा तोंडाला येईल तो दर ऐकावा लागतो, कारण अर्धं घर झाल्यावर दुसरा कॉन्ट्रॅक्टर सहसा यायला तयार होत नाही.

करारात ‘बेसिक रेट’ हे शब्द दिसले की थांबा. टाइल्स बेसिक रेट 60 रुपये, याचा अर्थ टाइलच्या किमतीपोटी स्क्वेअर फुटाला 60 रुपये करारात धरले आहेत. दुकानात गेल्यावर तुम्हाला 95 ची टाइल आवडते. 1,000 चौरस फूट फरशी, त्यावर तुटफूट पाच टक्के, म्हणजे 1,050 चौरस फूट माल. तुमच्यावर बसायला हवा तो फरक 35 रुपयांचा, म्हणजे 36,750 रुपये. पण कच्च्या बिलात ओळ येते ‘नवीन टाइल 1,050 गुणिले 95, 99,750 रुपये’, आणि मूळ 60 रुपयांची वजावट कुठेच नसते. मग 63,000 रुपये तुम्ही दुसऱ्यांदा देता. दरवेळी यामागे लबाडी असतेच असं नाही. वहीत दुकानदाराच्या बिलाचा आकडा जसाच्या तसा उतरतो. पण वजावट मागायची जबाबदारी तुमची.

त्या 60 रुपयांत जीएसटी आणि वाहतूक धरली आहे का, हेही करार करतानाच विचारा. चार बाय दोन फुटांच्या मोठ्या टाइलला बसवायची मजुरी जास्त लागते, सिमेंटच्या स्लरीऐवजी अ‍ॅडहेसिव्ह वापरावं लागतं. तो फरक खरा आहे, तो द्यावा. दारं, कमोड, नळ, इलेक्ट्रिकची बटणं, किचन ओट्याचा ग्रॅनाइट, जिथे जिथे बेसिक रेट आहे तिथे हाच हिशेब लागू होतो.

करारात बदलाबद्दल एक परिच्छेद हवाच. बदलाचा दर कसा काढायचा, त्याचा क्रम त्यात लिहा. करारात त्या कामाचा दर असेल तर तोच लागेल. मिळतंजुळतं काम असेल तर त्या दराच्या प्रमाणात. दोन्ही नसेल तर मालाचं पक्कं बिल, प्रत्यक्ष लागलेली मजुरी आणि त्यावर कॉन्ट्रॅक्टरचा ठरलेला टक्का. हा टक्का किती असावा? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्के धरतात. घराच्या कामालाही ती फूटपट्टी रास्त आहे. कुणी 25 मागितले तर का, हे विचारायला हरकत नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांमध्ये एखाद्या आयटमचं मोजमाप ठरलेल्यापेक्षा 25 टक्क्यांपर्यंत वाढलं तरी मूळ दरच लागू राहतो. तीच अट तुमच्या करारात घ्या. भिंत 400 ऐवजी 450 चौरस फूट झाली म्हणून दर बदलायचं कारण नाही.

भाववाढ आणि एक्स्ट्रा एकाच पिशवीत टाकू नका. सिमेंटची गोणी आणि स्टीलचा किलो किती रुपये धरून करार झाला ते लिहून ठेवा, आणि वर-खाली झालं तर फरक कोण सोसणार तेही. दर खालीही येतात. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्याआधी केलेल्या करारात भाववाढ मागितली गेली तर ही घटही मोजायला लावा.

एका खिडकीचा हिशेब

आता किंमत जवळून पाहू. किचनची 4 बाय 4 फुटांची खिडकी तुम्हाला 6 बाय 4 करायची आहे. खालचे दर फक्त हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावचे दर घ्या, मांडणी हीच ठेवा; दर करारातलाच असेल तर शेवटचे 15 टक्के त्यावर पुन्हा लावू नका.

भिंतीचं वीटकाम त्या उंचीपर्यंत यायच्या आधी तुम्ही सांगितलंत, तर वाढतं काय? खिडकीचं क्षेत्र 16 वरून 24 चौरस फूट होतं. अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी 450 रुपये चौरस फूट धरली तर वाढीव 8 फुटांचे 3,600. ग्रिल 200 रुपयांनी 1,600. खिडकीभोवतीची ग्रॅनाइटची चौकट वर दोन आणि खाली दोन मिळून चार फूट वाढते, 250 रुपयांनी 1,000. लिंटेल दोन फूट लांबतं, त्याचे 500. बेरीज 6,700.

आता वजाबाकी, जी कुणी आपणहून करत नाही. सहा इंची वीटकाम 8 चौरस फुटांनी कमी झालं, 110 रुपयांनी 880. प्लास्टरही कमी झालं, पण एकाच बाजूचं धरायचं. बांधकाम मोजण्याच्या भारतीय मानकात, आयएस 1200 मध्ये, नियम असा आहे की अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची प्लास्टरमधून वजावट करत नाहीत. अर्ध्यापासून 3 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण साडेपाच ते 32 चौरस फुटांच्या खिडकीला, एकाच बाजूची वजावट करतात, कारण खिडकीच्या कडांचं प्लास्टर वेगळं मोजत नाहीत. त्याहून मोठ्या जागेला दोन्ही बाजू वजा होतात आणि कडा मोजून धरतात. आपल्या खिडकीला म्हणून 8 फूट, 45 रुपयांनी 360. दोन्ही मिळून 1,240 वजा. उरले 5,460. त्यावर 15 टक्के, 819. एकूण 6,279 रुपये.

हीच खिडकी प्लास्टर झाल्यावर मोठी करायची म्हटलं तर? जुनी खिडकी आणि ग्रिल बसवलेली आहे, तिचे पैसे गेलेच. नवी खिडकी पूर्ण 24 फुटांची, 10,800. ग्रिल 4,800. जुनी ग्रॅनाइटची चौकट काढताना तुटते, म्हणून नवी 20 फूट, 5,000. जुनं लिंटेल चार फुटांच्या खिडकीपुरतं आणि दोन्हीकडे भिंतीवर सहा-सहा इंच टेकलेलं असतं, ते सहा फुटांना पुरत नाही. म्हणून वरच्या भिंतीला टेकू द्यायचे, ते काढायचं, नवं सात फुटांचं ओतायचं, त्याला पाणी मारत राहायचं, 3,500. ब्रेकरचं भाडं, गवंडी आणि बिगारी मिळून फोडकाम 6,000. भिंत नीट करून दोन्ही बाजूंना चिकन जाळी लावून प्लास्टर, 4,500. राडारोडा उचलणं 1,500. बेरीज 36,100. त्यावर 15 टक्के 5,415. एकूण 41,515 रुपये.

खिडकी तीच, मापं तीच, फक्त सांगायला दोन महिने उशीर झाला. सहा हजारांचं काम साडेएक्केचाळीस हजारांवर गेलं, शिवाय नव्या-जुन्या प्लास्टरच्या सांध्याला पुढे तडा दिसायची भीती राहिली ती वेगळीच. वहीत आलेल्या 55,000 च्या आकड्याशी ही फोड ताडून पाहिली की बोलणी कुठून सुरू करायची ते कळतं.

जीएसटीचंही इथेच सांगतो. मालासकट काम करणारा नोंदणीकृत कॉन्ट्रॅक्टर असेल तर 18 टक्के लागतो, एक्स्ट्रालाही. वरची उशिराची खिडकी मग जवळपास 49,000 रुपयांना पडते. एकाच कुटुंबाच्या स्वतंत्र नव्या घराचं निव्वळ मजुरीचं काम असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. आणि ज्याच्याकडे जीएसटी क्रमांकच नाही त्याला बिलात जीएसटी लावता येत नाही. क्रमांक छापलेलं पक्कं बिल मिळाल्याशिवाय ‘जीएसटी वेगळा’ ही ओळ मान्य करू नका.

स्लॅबनंतर सुचणारं बाथरूम मात्र खिडकीसारखं नुसतं महाग पडून थांबत नाही. बाथरूमचा स्लॅब मुळातच खाली सोडलेला, म्हणजे सन्क असतो, त्यात पाइप बसतात. तो सन्क ठेवलेला नसेल तर फरशी उंच करून उंबऱ्याला पायरी करावी लागते, किंवा पाइप खालच्या खोलीच्या छतातून नेऊन फॉल्स सीलिंगने झाकावे लागतात. दोन्ही घरात कायम डोळ्यांसमोर राहतं. म्हणून पहिल्या मजल्यावर पुढे-मागे बाथरूम लागेल असं वाटत असेल तर सन्क आत्ताच सोडायला सांगा. पाइप न्यायला बीमला भोक पाडतो असं प्लंबर म्हणाला तर आरसीसी कन्सल्टंटच्या सहीशिवाय पाडू देऊ नका. कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लागणारा कोणताही बदल त्यांच्या सुधारित ड्रॉइंगवर आल्याशिवाय साइटवर जाऊ नये. या ड्रॉइंगची फी वेगळी लागते, ती एक्स्ट्राच्या हिशेबात आधीच धरा.

बाहेरची भिंत सरकवणं, बाल्कनी बंद करून खोली करणं, वर एक खोली चढवणं, यासाठी मंजूर नकाशा बदलून घ्यावा लागतो. परवानगीविना केलं तर भोगवटा प्रमाणपत्र अडकतं आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली पाडायची नोटीस येऊ शकते. कॉन्ट्रॅक्टर ‘सगळेच करतात’ म्हणेल. नोटीस मालकाच्या नावाने येते.

जमिनीखालचं काम झाकलं जायच्या आधी मोजा

काळी माती किती खोल जाईल हे खणल्याशिवाय कळत नाही. मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खाली जावंच लागतं, त्यात काटकसर नको. पण मोजमाप करा. समजा 12 फूटिंग आहेत, प्रत्येक खड्डा 5 बाय 5 फुटांचा, आणि ठरल्यापेक्षा दोन फूट जास्त खाली गेलात. 12 गुणिले 25 गुणिले 2, म्हणजे 600 घनफूट. 100 घनफुटांचा एक ब्रास, म्हणून जादा खोदाई 6 ब्रास. बिलात 10 ब्रास आली तर हे गणित समोर ठेवता येतं, मात्र खड्डे उघडे असताना तुम्ही टेप लावलेला असला पाहिजे. एकदा खालचं काँक्रीट पडलं आणि माती भरली की कुणीच काही सिद्ध करू शकत नाही. खड्ड्यात टेप उभा धरून, आकडा दिसेल असा प्रत्येक फूटिंगचा फोटो काढा, तारखेसकट. खोली वाढली की जमिनीखालचा कॉलमही तेवढाच लांबतो, त्याचं काँक्रीट आणि स्टील वाढतं. ते बिल खरं असतं. एकरकमी करारात किती खोलीपर्यंतचा पाया धरला आहे तो आकडा लिहिलेला हवा. लिहिला नसेल तर जादा खोदाई कुणाची, यावर वाद होणारच.

स्टीलचं वजन तपासायला साइटवर सगळे वापरतात तो हिशेब तुम्हीही शिकून घ्या. सळईचा मिलिमीटरमधला व्यास गुणिले तोच व्यास, भागिले 162, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. 12 मिलिमीटरची सळई 144 भागिले 162, मीटरला 0.89 किलो, आणि 12 मीटर लांबीची एक सळई साधारण 10.7 किलो. जादा सळया किती लागल्या ते बांधणी झाल्यावर, काँक्रीट पडायच्या आधी मोजा.

दिवसांचेही पैसे लागतात

खिडकी फोडून नवी बसवायला आठ-दहा दिवस सहज जातात, कारण लिंटेलला पाणी मारायचं असतं आणि नवी खिडकी बनून यायची असते. त्या दिवसांत रंगारी खोळंबतो. तुम्ही भाड्याने राहत असाल तर भाडं चालू राहतं, कर्ज घेतलं असेल तर उचललेल्या रकमेवरचं व्याज चालू राहतं. महिन्याला 15,000 भाडं आणि 20,000 व्याज जात असेल तर दहा दिवसांचे साडेअकरा हजारांवर होतात. बदलाचा निर्णय घेताना हा आकडाही बेरजेत धरा.

दुसरा तोटा याहून मोठा आहे. करारात उशिरासाठी दंड लिहिलेला असतो, पण तुम्ही तोंडी चार बदल सांगितले की कॉन्ट्रॅक्टर म्हणू शकतो, उशीर तुमच्यामुळे झाला. म्हणून प्रत्येक बदलासोबत मुदत किती दिवसांनी वाढली ते लिहा. वाढली नसेल तर ‘मुदतवाढ नाही’ असं लिहा.

बँकेचाही विचार करा. बँक इंजिनियरच्या अंदाजपत्रकावर टप्प्याटप्प्याने कर्ज देते, आणि एक्स्ट्रा त्या अंदाजपत्रकात नसतो. तो खिशातून जातो, आणि तोही नेमका फर्निचर घ्यायच्या वेळी. कराराच्या रकमेच्या दहा टक्के बाजूला ठेवल्याशिवाय काम सुरू करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. 30 लाखांचं काम असेल तर तीन लाख. ते बदलांसाठीच ठेवा, मॉड्युलर किचनसाठी नाही.

कागद कसा असावा

एका पानाचा पुरतो. त्यावर बदलाचा क्रमांक आणि तारीख. काय बदलायचं, कुठल्या खोलीत, कोणत्या ड्रॉइंगवर. बदल कुणी सुचवला. वाढलेलं काम आणि कमी झालेलं काम, मापं आणि दरांसह. निव्वळ रक्कम. आधीचे बदल धरून घराची आजची एकूण किंमत. मुदत किती वाढली. दोघांच्या सह्या. एकूण किमतीची ओळ कधीही गाळू नका. 6,000, 9,000, 14,000 असे आकडे सुटे सुटे लहान वाटतात. 30 लाखांचं घर 33 लाख 40 हजारांवर गेलेलं एका ओळीत दिसलं की पुढचा बदल मागताना माणूस दोनदा विचार करतो.

घरातून बदल सांगायचा अधिकार एकाच माणसाला द्या आणि त्याचं नाव करारात लिहा. हे बोलायला अवघड वाटतं, कारण घर सगळ्यांचं असतं. पण सकाळी वडील येऊन माळा वाढवायला सांगतात, दुपारी वहिनी ओट्याची उंची बदलते, संध्याकाळी मुलगा स्विचबोर्ड सरकवतो, आणि मिस्त्री बिचारा प्रत्येकाचं ऐकतो. सगळ्यांनी मोकळेपणाने सुचवावं, मिस्त्रीला सांगावं एकाने.

इलेक्ट्रिकचे पॉइंट तर भिंतीला झिरी मारायच्या आधी खडूने भिंतीवर आखून घ्या. बेडची जागा, टीव्हीची जागा, मिक्सरची जागा जमिनीवर आखून त्यात उभे राहा. अर्धा दिवस जातो, पण पुढची फोडाफोड मोठ्या प्रमाणात वाचते.

कागदावर सही लगेच शक्य नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहा: ‘किचनची खिडकी 6 बाय 4, जादा 6,279 रुपये, मुदतवाढ नाही, मान्य असल्यास कळवा.’ उत्तरात ‘मान्य’ आलं की काम सुरू. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे असे मेसेज योग्य प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून दाखल करता येतात. फोन बदलताना ही चॅट जपून ठेवा. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर पुन्हा एकदा शब्दांत विचारा.

एक्स्ट्राचे पैसे त्याच कामाच्या पुढच्या हप्त्यात द्या, शेवटपर्यंत साठवू नका. यात कॉन्ट्रॅक्टरचंही भलं आहे. त्याने माल आणलेला असतो, मजुरांना शनिवारी पगार द्यायचा असतो. ज्याला वेळेवर पैसे मिळतात तो दर वाढवून सांगत नाही. शेवटी पाच टक्के मात्र राखून ठेवा, आणि पहिला पावसाळा गेल्यावर, गळती बघून द्या, असं करारातच लिहा.

फ्लॅट घेतला असेल तर

बिल्डरच्या प्रकल्पात गणित उलटं असतं, तिथे बदल बहुतेक वेळा बिल्डर करतो. रेरा कायदा, 2016 च्या कलम 14 प्रमाणे तुमच्या फ्लॅटच्या मंजूर नकाशात किंवा ठरलेल्या सोयींमध्ये तुमच्या पूर्वसंमतीशिवाय बदल करता येत नाही, आणि संपूर्ण इमारतीच्या किंवा सामायिक जागांच्या नकाशात बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आगाऊ लेखी संमती लागते. करार करतानाच ‘पुढील सर्व बदलांना संमती’ अशी छापील ओळ असेल तर ती काढायला सांगा. तुम्ही स्वतः काही बदल मागितलात, समजा बिल्डरचा ओटा नको, तर वाढीव कामाचा दर आणि न केलेल्या कामाची वजावट, दोन्ही ई-मेलवर घ्या. वजावट द्यायला बिल्डर सहसा नाखूश असतात. आधी ठरवलं नाही तर ती मिळत नाही, असंच धरून चाला.

बिल आलंच आहे, आता काय?

‘लेखी काही नव्हतं, म्हणून एक पैसा देणार नाही,’ असं म्हणून सुटका होत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 70 सांगतं की फुकट करायचा हेतू नसताना कुणी तुमच्यासाठी कायदेशीर काम केलं आणि त्याचा लाभ तुम्ही घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल अँड सन्स या 1961 च्या निकालात हेच धरलं. सरकारी खात्यासाठी ठेकेदाराने शेड बांधल्या होत्या, रीतसर करार नव्हता, पण खात्याने शेड वापरल्या, म्हणून पैसे द्यावे लागले. तुमच्या घरातली मोठी खिडकी तुम्ही वापरणारच आहात. मोबदला वाजवी किती, एवढाच वाद उरतो. म्हणून नाकारू नका, मोजा. तिसरा माणूस, शक्यतो कामाशी संबंध नसलेला सिव्हिल इंजिनियर, बोलवा आणि प्रत्येक ओळीचं मोजमाप करून दर लावा. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची चाचपणीला उपयोगी पडते. बाजारातला दर तिच्याहून वर-खाली असू शकतो, पण दुप्पट असेल तर कारण मागता येतं. जी रक्कम मान्य आहे ती लगेच द्या आणि वादातली ओळ वेगळी काढून लेखी कळवा.

एवढ्यानेही मिटलं नाही तर ग्राहक आयोग आहे. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या व्याख्येत सेवा आहे. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, 20 ते 50 लाखांच्या टप्प्यात ते 1,000 रुपये आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. आधी बोलून बघायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

काम आत्ता अर्ध्यावर असेल तर पुढचा हप्ता देण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला साइटवर बोलवा. आजवर तोंडी सांगितलेला प्रत्येक बदल दोघांनी मिळून खोल्याखोल्यांतून फिरत लिहून काढा, वाढ आणि वजावट मांडा, रकमा ठरवा आणि त्याच दिवशी दोघं सह्या करा.